तीन अटींचं घर

गॅलरीतला कूलर पुसून खिडकीला लावला, नव्या ताट्या बसवल्या, टाकीत पाणी सोडलं. मोटार थोडी खरखरली आणि मग लागली. घरभर ओल्या वाळ्याचा वास पसरला. समोरच्या वहिनींना या वासाने माहेर आठवतं, हे त्या मला दर उन्हाळ्यात न चुकता सांगतात. मला भीती वाटते. साधी, सरळ भीती. वाळ्याने माझं काही वाकडं केलेलं नाही, बिचारं गवत ते. पण एका उन्हाळ्यात मला कळलं, की आपण वर्षानुवर्षं ज्यांच्याविषयी लिहितोय ते कुठे नाहीतच, आणि तेव्हा खोलीत हाच वास होता.

यंदा भीतीला आणखी एक कारण आहे. तिचं नाव प्रणाली. ती माझ्याकडे गणितात पीएच.डी. करते. कुहीकडची मुलगी, मिहान उद्योगनगरीतली चांगली नोकरी सोडून आलेली, घरच्यांना लग्नाची बोलणी थांबवायला लावून बसलेली. गेल्या आठवड्यात ती दारातूनच म्हणाली, "मॅडम, तेही सिद्ध झालं. काही त्रासच नाही झाला." मी "वा" म्हटलं आणि तिला पन्हं दिलं. ती गेल्यावर मी बराच वेळ तिच्या रिकाम्या ग्लासाकडे बघत बसले.

नागपूरचा उन्हाळा म्हणजे नुसतं ऊन नव्हे. ऊन तर सगळीकडेच असतं. इथे दुपारी माणसंच नाहीशी होतात. चौकातले सिग्नल बंद करून टाकतात, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, कडुनिंबाखाली एखादी गाय आणि तिच्या पोटाच्या सावलीत एक कुत्रा, एवढीच काय ती वस्ती. बाया डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात बांधून गाडीवरून जातात, त्यामुळे सख्खी बहीण जवळून गेली तरी ओळखू येत नाही. आणि मे संपत आला की नवतपा, म्हणजे सगळ्यात तापते नऊ दिवस, लागतो. त्या दिवसांत पान हलत नाही. सगळं इतकं गप्प असतं, की काहीतरी होणार आहे असं उगाचच वाटत राहतं, आणि एखाद्या संध्याकाळी धुळीची आंधी येऊन तारा, फांद्या, वाळत घातलेले कपडे सगळं ओढून नेते. शांततेवर विश्वास ठेवू नये, हे मी गणितात नाही, आधी उन्हाळ्यात शिकले. पण गणितात विसरले.

आमचं घर विणकरांचं. आजोबांपर्यंत उमरेडला हातमाग चालला. पुढे बाबा नागपूरच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागले आणि माग आजोबांच्या भाच्याकडे गेला. मी गणितात पीएच.डी.ला लागले तेव्हा बाबांना कोण आनंद. आल्या-गेल्याला ते सांगायचे. एकदा उमरेडचे काका आले आणि मन लावून ऐकून म्हणाले, "पण मले एक सांग वं स्वाती, गणित तर सारं होऊन गेलं असंल ना आतापर्यंत? आता काय उरलं?" मी हसून गडबडा लोळायची बाकी राहिले. तेव्हा हसू येत होतं.

माझे मार्गदर्शक म्हणजे सर. आमच्या विभागात बाकी सगळे आडनावाने ओळखले जायचे, हे नुसतेच सर. सडपातळ, बुशशर्टाच्या खिशात खडूचे तुकडे, आणि राग नावाची वस्तू जवळ नाही. त्यांनी फलनांचा एक वर्ग शोधला होता. फलन म्हणजे एक आकडा आत घातला की दुसरा बाहेर देणारं यंत्र, इतकं समजलं तरी पुरे. सरांच्या वर्गात शिरायला तीन अटी होत्या. पहिली अट पाळणारी फलनं ढिगाने सापडतात. पहिल्या दोन पाळणारीही पुष्कळ. तिन्ही अटी एकदम पाळणाऱ्या फलनांना सरांनी नाव दिलं होतं, शांत फलनं. नाव इतकं छान होतं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण यांना कुठेतरी भेटलो आहोत.

गणितवाल्यांची ही एक खोड आहे. आम्ही आधी नाव ठेवतो, मग बारसं, मग कौतुक, आणि मूल आहे की नाही ते सगळ्यात शेवटी बघतो. इतर धंद्यांत हे चालत नाही. विणकर नसलेल्या लुगड्याचे काठ निवडत नाही. आमच्याकडे मात्र व्याख्या लिहिली की घर उभं राहिलं असं धरतात. पहिल्याच वर्षी मी सरांना विचारलं होतं, की एखादं उदाहरण दाखवा ना. सर म्हणाले, "येतील वं उदाहरणं मागून. आधी घर तर बांधून ठेवू. आणि शून्य आहे ना आत. घर काही सुनं नाही."

ते खरंच होतं. शून्य हे फलन, म्हणजे काहीही घाला आणि शून्यच बाहेर येणार, ते तिन्ही अटी आरामात पाळत होतं. ज्याला काही करायचंच नसतं त्याला कोणतीच अट जड जात नाही. एक जण घरात आहे म्हटल्यावर आम्ही निर्धास्त झालो. बाकीचे बाहेर गेले असतील, येतील. सरांनी त्या शांत फलनांवर शोधनिबंध लिहिले, ते छापूनही आले. विभागात चर्चासत्रं झाली. चर्चासत्रानंतर प्रश्न विचारणं म्हणजे समोसे थंड करणं, अशी आमच्याकडे रीत, त्यामुळे कोणी उदाहरण मागितलं नाही. एखाद्याने विचारलंच तर असं विचारायचा, की पुढे काय करायचा विचार आहे सर.

पहिलं प्रमेय सिद्ध करताना माझा सगळा पावसाळा आणि वर हिवाळाही गेला होता. नंतरची लवकर होऊ लागली. आणि त्या उन्हाळ्यात, प्रबंध जवळजवळ होत आला असताना, सकाळी मनात आलेली गोष्ट दुपारी सिद्ध होऊ लागली. मी खूश. सर माझ्याहून खूश. "तुझा हात बसला आता," म्हणायचे. सर त्याच महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार होते आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. निरोप समारंभात शांत फलनांवर त्यांचं व्याख्यान ठरलं होतं, माझी प्रमेयं त्यात येणार होती. माझी पदवी आणि सरांचं उभं आयुष्य, दोन्ही त्या एका घरात राहायला गेली होती.

पण मला बरं वाटत नव्हतं. हे मी कोणाला सांगू शकत नव्हते. काम होत नाही म्हणून रडणारे संशोधक पुष्कळ, काम फार सहज होतंय म्हणून घाबरलेली मी एकटीच असेन. गणित असं वागत नाही. ते आडवं येतं, अडवतं, महिनोन् महिने तोंड फिरवून बसतं. इथे मी म्हणेन त्याला ते हो म्हणत होतं. बंद घराविषयी तुम्ही काहीही सांगा, तुम्हाला खोटं पाडायला दार उघडून कोणी बाहेर येत नाही. तसं काहीतरी वाटायचं आणि मी ते झटकून टाकायचे.

एका दुपारी मी सिद्ध केलं, की कोणत्याही शांत फलनाची किंमत, म्हणजे बाहेर येणारा आकडा, उण्याचं चिन्ह सोडलं तर पाचाच्या वर जात नाही. छोटी, गोंडस सिद्धता. तेवढ्यात लाइन गेली. कूलर थांबला, ताट्यांतून पाणी ठिबकण्याचा आवाज तेवढा राहिला. आई पन्हं घेऊन आली. म्हणाली, "जरा पडून घे वं. डोळे पाह्य कसे झाले." ग्लास हातात घेतला आणि मला आमचं पहिल्या वर्षाचं प्रमेय आठवलं, की शांत फलनाची दुप्पट केली तरी ते शांतच राहतं. दुपटीची दुप्पट केली तरी शांतच. मग एखाद्या शांत फलनाची किंमत कुठेतरी, अगदी तिळाएवढी जरी असेल, तर दुप्पट करत करत ती पाचाच्या पार जाईल की. आणि पाचाच्या पार तर कोणीच जात नाही, हे मी आत्ताच सिद्ध केलं. म्हणजे तिळाएवढीही किंमत कोणाचीच नाही. म्हणजे आत शून्य आहे, आणि शून्याशिवाय कोणी नाही. कधी नव्हतंच.

आई विचारत होती, "काहून, आंबट झालं का?" मी म्हटलं, नाही, चांगलं आहे.

कुठे तरी चूक असेल म्हणून मी दोन्ही सिद्धता पुन्हा पुन्हा तपासल्या. आयुष्यात इतक्या आशेने मी स्वतःची चूक कधी शोधली नाही. चूक नव्हती. चूक सापडली असती तर मी पेढे वाटले असते.

सर मनीषनगरला एका नव्या इमारतीत राहायचे. फ्लॅट घेतलेले बरेच लोक पुण्याला, बंगळुरूला, मुलांकडे, आणि उन्हाळ्यात तर निम्म्याहून अधिक दारांना कुलूप. शेजाऱ्यांच्या चाव्या सरांकडे असायच्या. मी पोहोचले तेव्हा सर चाव्यांचा जुडगा आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघतच होते. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "आली बापा ही एवढ्या भल्ल्या उन्हात. बस, टरबूज कापतो." सर म्हणाले, "चल माझ्यासंगं वर. तुळशीले पाणी घालून येऊ."

वरच्या मजल्यावरच्या दारापुढे सर थांबले आणि त्यांनी बेल वाजवली. आत घंटा वाजली, विरली. मग त्यांनी कुलूप काढलं.

"कोणीच नाही ना आत सर?"

"सवय आहे वं. कोणाच्या घरात एकदम कसं शिरावं?"

आत बंद हवेचा कोंदट वास. सोफ्यावर चादरी, खिडक्यांना पडदे, सगळीकडे उन्हाळ्याची बारीक तांबूस धूळ. पायांचे ठसे उमटत होते. आम्ही दोघं बाल्कनीत गेलो. सर तुळशीत पाणी घालू लागले आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत म्हटलं, "सर, आपल्या वर्गात शून्याशिवाय कोणी नाही."

ते पाणी घालत राहिले. मी सगळं सांगितलं, पाच, दुप्पट, तीळ. घाईघाईने सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. कुंडी भरली, खालची ताटली भरली, पाणी फरशीवरून माझ्या चपलांपर्यंत आलं. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"पाचच काहून?"

"पाचच असं नाही सर. कोणताही आकडा घ्या."

ते आत आले आणि जेवणाच्या टेबलापाशी उभे राहिले. काचेवर धूळ होती. तिच्यावर त्यांनी बोटाने पहिली ओळ लिहिली, मग दुसरी. मी सांगितलं होतं त्याहून नीट, सावकाश, प्रत्येक पायरी थांबून. टेबल संपायच्या आत सिद्धता संपली.

"दुपटीचं जे आहे, त्यात चूक असंल."

"पाहिलं सर. नाही."

"हो," सर म्हणाले. "नाहीच आहे. मीच तपासलं होतं ते." मग, माझ्याशी नाही, टेबलाशी बोलावं तसं, "म्हणजे इतकी वर्षं शून्य एकटाच राहून राहिला आपल्या घरात."

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. सरांचा राग. पहिल्याच वर्षी मी उदाहरण मागितलं होतं, तेव्हा एक दुपार बसून शोधलं असतं तर माझी ही वर्षं वाचली असती. तो राग मी गिळला, कारण समोरचा माणूस माझ्यादेखत म्हातारा होत होता. त्यांनी टेबल पुसलं नाही. आम्ही बाहेर आलो, त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं. जिन्यात म्हणाले, "काकूले आत्ताच सांगू नको. तिनं समारंभाची साडी काढून ठेवली आहे." खाली काकूंनी टरबुजाच्या फोडी पुढे केल्या आणि म्हणाल्या, "काय झालं, दोघंही गप होऊन राहिले?" सर म्हणाले, "गरमी आहे."

समारंभापर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगवत नाही. सर व्याख्यानात काय बोलणार हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. झाकून नेलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. नवतपा ऐन भरात होता. सभागृहात दोन्ही बाजूंना मोठे कूलर लावलेले, त्यांच्या घरघरीत मागच्या रांगांना अर्धं ऐकूच येत नव्हतं. सर उभे राहिले. व्याख्या लिहिली, तीन अटी लिहिल्या, मग एकेक प्रमेय. इतकं सुंदर ते कधीच बोलले नव्हते. लोक माना डोलवत होते. शेवटी म्हणाले, "आता अखेरचं प्रमेय. हे माझ्या विद्यार्थिनीने, स्वातीने सिद्ध केलं आहे." आणि धुळीत लिहिल्या होत्या त्याच ओळी त्यांनी फळ्यावर लिहिल्या. खाली लिहिलं, म्हणून शांत फलन एकच, शून्य. खडू ठेवला आणि लोकांकडे पाहत उभे राहिले.

टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. विभागप्रमुखांनी शाल-श्रीफळ देताना सांगितलं, की सरांनी आज शांतीचा प्रवास शून्यापर्यंत नेऊन दाखवला, हे आपल्या परंपरेला साजेसंच आहे. फोटो निघाले. समोसे आले. एका माणसाने भर सभेत, स्वच्छ अक्षरात सांगितलं होतं, की मी उभारलेल्या घरात कोणी राहत नाही, आणि ऐकणाऱ्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला. काकू नव्या साडीत हसत होत्या. सर हारामागून मला शोधत होते आणि मी पहिल्या रांगेतच होते. खोटं लपलेलं असतं तर मी समजू शकले असते. पण खरं सांगूनही ते कोणापर्यंत पोहोचू नये, याची मला तेव्हापासून जी धास्ती बसली ती बसलीच.

मी दुसरा प्रश्न घेतला. लहानसा, कोणाला कौतुक वाटणार नाही असा, पण उदाहरणांनी भरलेला. पहिला महिनाभर मी नुसती उदाहरणंच गोळा केली, नवा संसार मांडणारी भांडी गोळा करते तशी. तो प्रश्न शेवटपर्यंत आडवा येत राहिला आणि तो आडवा आला की मला हायसं वाटायचं. पदवी उशिराने मिळाली, पण मिळाली. सरांनी नियतकालिकांना स्वतः कळवलं, की आमचे निकाल एका शून्यापुरतेच खरे आहेत. त्याला कुणाचं उत्तर आल्याचं मी ऐकलं नाही.

काही उन्हाळ्यांनंतर काकूंचा फोन आला. "येजो ना एकदा. तुह्या सरांचं काही समजून नाही राहिलं मले." मी गेले. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "दुपारी वर जातात. त्या बंद दारापाशी बेल वाजवतात आणि उभे राहतात. कोणी दार उघडत नाही म्हणून खाली येतात. चावी यांच्याच हातात असते वं." तुळशी आता काकूच शिंपत होत्या. सर आतल्या खोलीत बसले होते. मला ओळखलं, बसवलं, बाबांची चौकशी केली. मग एकदम पुढे झुकून म्हणाले, "तिसरी अट जराशीक सैल केली ना, तर येईल वं कोणीतरी." मी म्हटलं, "हो सर." दुसरं काय म्हणणार. अजूनही जाते तेव्हा तेच म्हणते.

हे सगळं आज पुन्हा का उकरून काढलं, तर आज प्रणाली आली होती. ऊन मी म्हणत होतं. तिने तोंडावरचा दुपट्टा सोडला, घटाघट पाणी प्यायली आणि कागद समोर ठेवले. तिच्याही फलनांना अटी आहेत, मी तपासूनच मान्य केलेल्या. सुरुवातीची उदाहरणं मी मागून घेतली होती, माझा नियमच आहे. पण मध्यंतरी काम पुढे जावं म्हणून आम्ही एक अट वाढवली. त्या अटीनंतरच सगळं सोपं होत गेलं, हे मला आज तिच्या कागदांवरून दिसलं. इतकी वर्षं मी ज्याच्यावर नजर ठेवून बसले होते ते माझ्याच दारातून आत आलं होतं. मी सिद्धता वाचत गेले. एकेक ओळ बरोबर होती. कुठे काही अडत नव्हतं.

मी विचारलं, "ही नवी अट घातल्यावरचं एखादं उदाहरण आहे का तुझ्याकडे?"

"आहे ना, मॅडम," ती लगेच म्हणाली. "शून्य आहे. शून्याले तर साऱ्याच अटी चालतात."

मी उठले आणि कूलर बंद केला. ताट्यांतून पाणी ठिबकू लागलं. बाहेर पान हलत नव्हतं.

"आणि शून्याशिवाय?"

ती हसायला गेली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. मग पेन बोटांत फिरवत ती छताकडे पाहू लागली, खिडकीकडे पाहू लागली, शेवटी दाराकडे. "असतीलच ना, मॅडम," ती म्हणाली. कोणी बेल वाजवेल म्हणून बसावं तशा आम्ही दोघी बराच वेळ त्या दाराकडे पाहत बसलो.